घोकंपट्टी आणि बुद्धी

१९७७ साली निघालेल्या ‘अटारी २६००’ या खेळयंत्राची स्मृती अवघी १२८ बाइट्सची. त्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या ‘स्टेला’ या एम्युलेटरवर ‘आर्केड लर्निंग एन्व्हायर्नमेंट’ हे साधन उभे आहे. २०१३ साली त्याचा प्रबंध प्रसिद्ध झाला. पडद्यावर काय दिसते, स्मृतीत काय आहे, गुण किती झाले, हे कृत्रिम बुद्धी त्याला विचारू शकते. परंतु येथे दैवाला थारा नव्हता. त्याच चाली केल्या की तोच परिणाम. साहजिकच घोकंपट्टीही बुद्धी म्हणून खपे. म्हणून २०१८ साली, सरासरीने चारांत एकदा मागचीच चाल पुन्हा घडावी, असा नियम सुचविला गेला. तो पाळला की नाही, हे लेखी नोंदविलेले नसेल, तर गुणांची तुलना व्यर्थच नव्हे काय? साधनाइतकेच त्याच्या माहितीपुस्तिकेला मोल आहे, ते याचसाठी.