यादी एक, रूपं अनेक

घाटकोपरच्या फलाटावर येणाऱ्या लोकलची माहिती इंडिकेटरवर दिसते आणि तीच लाउडस्पीकरवरून मराठी, हिंदी, इंग्रजीत ऐकू येते. माहिती एक, रूपं वेगळी. हे साधं तत्त्व मला संगणकाच्या धंद्यात राहूनही उशिरा कळलं.

२००१ साली मुलुंडच्या एका छोट्या वाचनालयाची ग्रंथसूची मी वेबसाइटवर चढवली. पुस्तकाचं नाव, लेखक, रंग, रकाने, फाँट, सारं एकाच फायलीत कालवलेलं. तो फाँट नसलेल्या संगणकावर मराठीऐवजी भलतीच चिन्हं उमटत. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो, पुस्तकं कपाटात आहेत, पण यादी कुठंय?"

उपाय आधीच निघाला होता. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमनं फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल जाहीर केलं होतं. त्यात मजकुराला तो काय आहे याची खूण करतात: हे शीर्षक, हा लेखक. तो दिसावा कसा, हे दुसऱ्या फायलीत लिहायचं; त्यासाठी १९९९ मध्ये एक्सएसएलटी आलं. एक्सएमएलचा पाया युनिकोडचा, म्हणून देवनागरी एका फाँटला बांधलेली राहत नाही.

मी सगळी सूची पुन्हा टाइप केली. मग तिच्यातूनच वेबपानं निघाली आणि छापील पुस्तिकाही.

आज वेब अ‍ॅप्लिकेशनांत एक्सएमएलच्या जागी बरेचदा जेसन असतं, तत्त्व तेच. तुमच्या संस्थेची वेबसाइट करून घेताना एवढंच विचारा: उद्या मांडणी बदलली, तर आमची माहिती शाबूत राहील ना?