कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे
(महोत्सवी सभेतील भाषण)



हवामानाचे आकडे संगणकावर कसे वाचावेत, हे आम्ही वर्गात शिकवतो. त्यातली एकच गोष्ट आज आपल्यापुढे ठेवतो.

‘आर’ नावाची संगणकभाषा विनामूल्य मिळते. तिच्यासोबत न्यूयॉर्कच्या हवेचा एक तक्ता येतो. त्यात १९७३ सालच्या मे ते सप्टेंबर या १५३ दिवसांचे तापमान, वारा, ऊन व ओझोन वायू यांची नोंद आहे. आडव्या रेषेवर तापमान, उभ्या रेषेवर ओझोन घेऊन दर दिवसाचा एक ठिपका मांडला, की ठिपके वर चढत जातात. उष्म्याच्या दिवशी ओझोन बहुधा वाढतो, हे लहान मूलही चित्र पाहून सांगते.

परंतु ओझोनची सरासरी विचारली, तर यंत्र ‘नोंद नाही’ एवढेच म्हणते! कारण ३७ दिवसांचे रकाने कोरे आहेत. तेथे शून्य भरले, तर सरासरी अब्जात ३२ भाग येते. नोंदलेल्या ११६ दिवसांचीच काढली, तर ४२. त्या ३७ दिवशी ओझोन नव्हता असे नव्हे. त्याची नोंद नव्हती. म्हणून ४२ लिहितानाही ‘११६ दिवसांची’ असे शेजारी लिहावे.

आपल्या शिष्यवृत्तीच्या वहीतही एखाद्या घरापुढचा रकाना कोरा असेल. तेथे गरज नाही, असे धरू नये. दारी जाऊन विचारावे. आकडे ही अमानत आहे. ती सांभाळण्याची विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.