तुळईतला पाऊस



‘तू नक्की काय करतोस?’ असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. मी जुनं लाकूड धुतो.

सागाच्या खोडात साधारणपणे वर्षाला एक वलय तयार होतं. पाऊस कमी पडला की झाड पानांवरची रंध्रं मिटून घेतं. आत कार्बन डायऑक्साइड कमी पडतो आणि एरवी टाळलेला जड कार्बन-13 झाड जास्त वापरतं. निसर्गातल्या कार्बनमध्ये त्याचा वाटा जेमतेम 1.1 टक्के. हे प्रमाण वलयागणिक मोजलं की जुन्या पावसाचा अंदाज येतो. आपल्या शिमला ऑफिसचं हवामान खातं सुरू झालं 1875 साली. त्याआधीच्या नोंदी तुरळकच.

मग लाकूड तसंच का मोजत नाही? लाकडात मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन असतं. लिग्निनमध्ये कार्बन-13 हजारात सुमारे 3 भागांनी कमी असतो. ओलीत राहिलेल्या लाकडातलं सेल्युलोज बहुधा आधी कुजतं. दोन वलयांतला फरक अनेकदा एक-दोन भागांचाच असतो. तेव्हा लाकूड तसंच मोजलं, तर कुजण्याचा हिशेब पावसाच्या नावावर जमा होतो!

म्हणून प्रत्येक वलय पात्यानं वेगळं काढायचं, त्याच्या बारीक ढलप्या करायच्या. टोल्युईन-इथेनॉलनं राळ आणि तेल काढायचं. आम्ल घातलेल्या सोडियम क्लोराइटच्या द्रावणात, सुमारे 70 अंशांवर, लिग्निन घालवायचं. मग कॉस्टिक सोड्यानं हेमिसेल्युलोज. पुन्हा पुन्हा धुतल्यावर कापसासारखा पांढरा तंतू उरतो. त्यातला मिलिग्रॅमहूनही कमी भाग जाळून निघालेला वायू मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात. जळलेलं परत मिळत नाही, म्हणून थोडं लाकूड पुढच्यांसाठी राखून ठेवायचं.

आता एक विनंती. पेठांतले आपले वाडे एकेक करून पाडले जात आहेत. सागाच्या तुळया वखारीत जाण्याआधी एका तुळईची आडवी चकती कापून घ्या. सालीकडची बाजू शाबूत असेल तर उत्तमच. शेवटची वलयं तिथंच असतात. चकतीला तेल, वॉर्निश किंवा वाळवीचं औषध लावू नका, त्यातही कार्बन असतो. कोरड्या कागदात गुंडाळा. वाडा कुठला, तुळई कुठल्या खणातली, बांधकामाचं साल माहीत असल्यास तेही, चिठ्ठीवर लिहा. पाषाणच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत सागाच्या वलयांवरून मान्सूनचा अभ्यास झालेला आहे. अशी लाकडं वाचणारी माणसं आपल्याच गावात आहेत.

वाडा वाचवणं प्रत्येकाला जमणार नाही. चकती मात्र जमेल.