चिंध्यांचा राक्षस

शिवणाच्या पिशवीत जुन्या सदऱ्याची बाही, ब्लाउजपिसाचा तुकडा उरलेला असतोच. त्याचा राक्षस शिवा. बाहुलीचं नाक वाकडं झालं तर खटकतं. राक्षसाला तीन डोळे आणि एकच दात असला तरी शोभतो! आकार मुलांनाच कागदावर काढू द्या.

त्या आकाराचे कापडाचे दोन तुकडे कापून सुलट बाजू समोरासमोर ठेवा. शिंगं आधी वेगळी शिवून, टोकं आत वळवून दोन्ही थरांच्या मध्ये टाचा. कडेपासून एक सेंटिमीटर आत बारीक उलटी टीप घाला. साधा धावदोरा भरताना उसवतो. चार बोटांची फट मात्र ठेवा. गोलाईवर टिपेच्या अलीकडेपर्यंत छोटे काप द्या, नाहीतर उलटवल्यावर चुण्या पडतात. भरायला जुने बनियन बारीक कातरून घ्यावेत. कापूस धुतल्यावर गोळा होतो. आधी हातपाय पेन्सिलीने दाबून भरा, मग पोट, आणि फट शिवून टाका.

डोळ्यांना बटणं झकास दिसतात. पण घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर बटण तुटून घशात अडकू शकतं. तिथे डोळे दोऱ्यानेच भरा, तेही दोन्ही थर जोडण्याआधी, म्हणजे गाठी आत राहतात.