मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर अस्थी व रक्तवाहिन्यांची जपणूक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्या बोरगाव मेघेपासून जवळच, सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात आज मूत्रपिंड प्रत्यारोपण होते. त्यामुळे प्रत्यारोपणानंतरचे जीवन हा विषय आपल्याला दूरचा राहिलेला नाही.

नवे मूत्रपिंड काम करू लागले की घरची मंडळी निश्चिंत होतात. परंतु शरीराचे जुने देणे तेवढ्याने फिटत नाही. निरोगी मूत्रपिंड 'ड' जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देते व रक्तातील फॉस्फरसचा तोल सांभाळते. ते निकामी असताना पॅराथायरॉईड ग्रंथी अतिरेकी काम करू लागतात. हाडांतील कॅल्शियम निघून जाते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत क्षार साचून त्या कठीण होतात. प्रत्यारोपणानंतरही हे दोष पूर्णपणे नाहीसे होत नाहीत.

१९५४ साली बोस्टन येथे झालेले पहिले यशस्वी प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमधील होते. इतरांना मात्र शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. त्यांतील स्टेरॉईडमुळे विशेषतः पहिल्या वर्षात हाडे झपाट्याने विरळ होतात. साखर व रक्तदाबही वाढू शकतो. मूत्रपिंड उत्तम चालू असतानाही रुग्ण दगावतो, त्याचे एक प्रमुख कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच असते.

म्हणून कॅल्शियम, फॉस्फरस, 'ड' जीवनसत्त्व, पॅराथायरॉईड संप्रेरक, साखर व चरबी यांची तपासणी आणि गरजेनुसार अस्थिघनतेची चाचणी वेळोवेळी करावी. कॅल्शियमच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. काही रुग्णांच्या रक्तात ते आधीच वाढलेले असते. जांघेत वा खुब्यात सतत दुखत असल्यास वेदनाशामक गोळी न घेता डॉक्टरांना दाखवावे. रोज चालावे. तंबाखू व खर्रा कायमचा सोडावा.

आता आपल्या आचाराविषयी. पर्युषणात प्रत्यारोपित श्रावकालाही उपवासाची ओढ लागते. परंतु पाणी कमी पडले तर मूत्रपिंडावर ताण येतो, आणि औषधाची वेळ चुकली तर ते गमावण्याची भीती असते. काही औषधे बारा तासांच्या अंतराने घ्यावयाची असतात; हिवाळ्यात दिवसच बारा तासांहून लहान असल्याने दोन्ही वेळा सूर्यप्रकाशात बसत नाहीत. अशा वेळी मनात अपराधभाव नसावा. प्रत्याख्यानात समाधीसाठी औषधाचा आगार शास्त्रकारांनीच ठेवला आहे. गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे, पण औषध सोडू नये.

तपाचे बारा प्रकार आहेत. अनशन हा त्यांतील केवळ एक. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर व मीठ या सहा रसांपैकी मिठाचा संयम रुग्णाने अवश्य करावा. लोणचे-पापड दूर ठेवल्यास रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते. साखर-तुपाची मर्यादा बांधावी. दूध, दही व डाळीचे प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. स्वाध्यायाला तर कोणतेच पथ्य आड येत नाही.

आणि कुटुंबीयांसाठी वैयावृत्त्य आहे. रुग्णाला वेळेवर औषध देणे, त्याच्या ताटातील मीठ कमी करताना आपल्याही ताटातील कमी करणे, हे तपच होय. कोणा दात्याने आपल्या देहाचा अंश देऊन जीवनदान दिले आहे. त्या दानाचे रक्षण करणे हे आपले कर्तव्य आहे.

जय जिनेंद्र!