पोपटाची ढोली

गोवंडी म्हटलें कीं हार्बर मार्गावरील गर्दी, दाट वस्ती आणि शेजारचा देवनारचा कचऱ्याचा डोंगर एवढेंच बहुतेकांस आठवतें. पूर्वेच्या खाडींतील रोहित पक्ष्यांकरितां २०१५ सालीं अभयारण्य जाहीर झालें, व ते पाहावयास लोक दुरून येतात. त्याच आकाशांतून सायंकाळीं किंचाळत जाणाऱ्या पोपटांच्या थव्याकडे मात्र सहसा कोणी मान वर करून पाहत नाहीं.

हा आपला नेहमींचा राघू. लांबी सुमारें ४२ सेंटिमीटर. नराच्या गळ्याभोंवतीं काळा व गुलाबी कंठ असतो, मादीस तो नसतो. पेरू, चिंच, ज्वारीचीं कणसें, कांहींहि त्यास चालतें. खातो थोडें, नासतो फार. अशा काटकपणामुळें तो लंडन व ब्रसेल्स येथेंहि मोकळा वाढला आहे, आणि जागतिक यादींत त्याची गणना निर्धोक वर्गांत होते. खांद्यावर तांबडा पट्टा असलेला त्याचा मोठा भाऊबंद मात्र धोक्याच्या उंबरठ्यावर आहे.

मग राघूची चिंता कशास? कारण हा पक्षी कांहींहि खाईल, परंतु कोठेंहि पिलें वाढवूं शकत नाहीं. तो घरटें बांधीत नाहीं. सुतार किंवा तांबट पक्ष्यानें सोडलेली ढोली, नाहीं तर भिंतींतील भोंक, तो चोंचीनें रुंद करून घेतो. हिवाळ्याच्या अखेरीपासून तेथें ४ ते ६ अंडीं घातलीं जातात. सुमारें २२ दिवसांनीं पिलें निघतात व पुढें सहा-सात आठवडे आंतच राहतात. ढोली पडते ती जुन्या झाडास; आणि धोकादायक म्हणून कुऱ्हाड प्रथम पडते तीहि जुन्याच झाडावर. त्याच्या जागीं लावलेल्या रोपास ढोली येण्यास कित्येक वर्षें लागतात.

पारध्यासहि हीच ढोली ठाऊक असते. तेथून काढलेलें पिलूं बाजारांत येतें व सुशिक्षित घराच्या गॅलरींत टांगलें जातें. वास्तविक १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें राघूस संरक्षण आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचींत आहे. त्यास विकत घेणें वा पिंजऱ्यांत ठेवणें हा गुन्हा होय, हें पुष्कळ घरांस माहीतच नसतें.

ज्यांच्या घरीं पिंजरा असेल त्यांनीं दार उघडून पक्षी सोडून देऊं नये. माणसांत वाढलेल्या राघूस अन्न शोधतां येत नाहीं. तो वनखात्याच्या स्वाधीन करावा. आणि अंगणांतील जुनें झाड छाटावयाचें झाल्यास, कुऱ्हाड घालण्यापूर्वीं त्याच्या ढोलींत कोणी आहे काय, एवढें तरी पाहावें.