फिरत्या शाफ्टमधील भेग आणि तिची कंपने



पोलादी शाफ्ट एकाएकी तुटला असे आपण म्हणतो. पण तो क्वचितच एकाएकी तुटतो. तुटलेले तोंड नीट पाहा. बहुधा त्याचा मोठा भाग गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषांचा, आणि उरलेला खरबरीत दिसेल. गुळगुळीत भागातून भेग कित्येक दिवस हळूहळू सरकत होती. एकाएकी तुटला तो फक्त खरबरीत भाग.

हे ज्ञान फार महाग पडले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले आणि आग लागली. डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद होती. पन्नासाहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी रँकिन या तरुण इंजिनियराने मोडलेल्या आसांवर निबंध मांडला. भेग खांद्याच्या तीक्ष्ण कोपऱ्यात सुरू होऊन आत सरकते, म्हणून तेथे गोलाई ठेवा, असे त्याचे सांगणे होते. लेथवर शिकणाऱ्या मुलांना कोपऱ्यात रेडियस सोडायला बजावतात, ते उगीच नव्हे.

आता ही भेग चालत्या यंत्रात ओळखावी कशी?

आडवा शाफ्ट स्वतःच्या वजनाने किंचित झुकलेला असतो. त्याची खालची बाजू ताणलेली, वरची दाबलेली. फिरताना भेग खाली आली की उघडते, वर गेली की मिटते. उघडली की शाफ्टचा ताठपणा कमी, मिटली की पूर्ववत. जणू दर फेऱ्याला एक श्वास! नुसता तोल बिघडला असेल तर फेऱ्यामागे एक हेलकावा येतो. भेग असेल तर त्याच्या जोडीला दुप्पट गतीचेही कंपन उठते. आपल्याकडे विजेच्या मोठ्या वाफ-टर्बाइन बहुधा मिनिटाला ३,००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०. तेथे सेकंदाला १०० वेळा होणारे कंपन शोधावे.

ते सर्वांत ठळक दिसते यंत्र थांबवताना. समजा शाफ्टचा क्रांतिक वेग १,८०० फेऱ्यांचा आहे. वेग उतरत ९०० वर आला की दुप्पट गतीचे कंपन नेमके १,८०० ला जुळते आणि फुगते. म्हणून यंत्र बंद करतानाची नोंद, जी पुष्कळ ठिकाणी कंटाळा म्हणून टाळली जाते, तीच मोलाची.

कंपन वाढले तरच धोका, असे मात्र समजू नका. भेगेने आलेला वाक जड बाजूच्या उलट पडला तर एकूण कंपन काही काळ घटतेही. ऑपरेटर खूश होतो! मला सर्वांत भय वाटते ते याचेच. शिवाय भेग उथळ असताना शाफ्टची नैसर्गिक कंपनसंख्या इतकी थोडी उतरते की तेवढ्यावर विसंबता येत नाही.

दुप्पट कंपन कपलिंगची सरळ रेषा चुकल्यानेही येते. जनित्राच्या दोन ध्रुवांच्या रोटरमध्ये तर ते निरोगी अवस्थेतही थोडे असतेच. पण वेग तोच, भार तोच, आणि तरीही कंपनाचा आकार व दिशा आठवड्यागणिक सरकत असेल, तर संशय भेगेचाच घ्यावा. वारंवार वजने लावून तोल साधावा लागत असेल तर वजने खाली ठेवावीत, यंत्र थांबवावे आणि शाफ्ट तपासावा. उघड्या पृष्ठभागावर रंगद्रव्य किंवा चुंबकीय भुकटी पुरते. घट्ट बसवलेल्या चकतीखालच्या भेगेसाठी मात्र ध्वन्यातीत लहरी पाठवून त्यांचा प्रतिध्वनी पाहावा लागतो.